विषय: १४ मार्चची सायकल फेरी, आणि पाय नेमका कुठे खायचा

प्रेषक: समन्वयक, सायकल गट
प्रति: सर्व सभासद

स. न. वि. वि.

आपल्या मंडळात सायकल चालवणाऱ्यांचा एक गट आहे आणि भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पायच्या, म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून भाजलेल्या विलायती पदार्थाच्या, वासाने जागच्या जागी थबकणाऱ्यांचा दुसरा. गेल्या वर्षाच्या हजेरीच्या याद्या चाळताना लक्षात आले की दोन्हींकडे बहुतेक नावे तीच आहेत. त्यामुळे १४ मार्च रोजी दोन्ही गटांची एकत्र फेरी काढावी, असा प्रस्ताव मी मांडत आहे. अंतर ४० किलोमीटर, वेग ताशी १६ ते १८ किलोमीटर आणि बरोबर अर्ध्या वाटेवर, म्हणजे विसाव्या किलोमीटरला, पाऊण तासाचा मुक्काम करून पाय खाण्याचा कार्यक्रम, अशी ढोबळ आखणी आहे.

मागच्या सूचनेत "अर्ध्या वाटेत पाय कापले जातील" असे वाक्य माझ्याकडून गेले होते. त्यावर दोन सभासदांनी काळजीने फोन केले, त्यांची मी क्षमा मागते. हरकती आणि सूचना याच पत्रव्यवहारात कळवाव्यात.

आपली,
समन्वयक

———

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद
प्रति: सर्व सभासद

समन्वयक ताई, सप्रेम नमस्कार.

प्रस्ताव उत्तम आहे, पण पायची जागा चुकली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्धी वाट हा नकाशावर दिसायला सोयीचा बिंदू असतो. पोटाला तो मुळीच सोयीचा नसतो. पायच्या पारीत मैद्याच्या जोडीला भरपूर लोणी असते आणि स्निग्ध पदार्थ पोटातून पुढे सरकायला वेळ घेतात. त्यात पाऊण तास बसून मांड्या थंड झालेल्या असतात. अशा स्थितीत पुन्हा वीस किलोमीटर पेडल मारायचे म्हणजे पहिल्याच चढावर खाल्लेल्या घासाचा पश्चात्ताप करायचा.

"मग भुकेचे काय?" असे कोणी विचारील. शरीरात, मुख्यतः स्नायूंमध्ये आणि यकृतात, सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेले असते. सकाळी नीट न्याहारी करून निघालेल्या माणसाला आपल्यासारख्या रमतगमत चालणाऱ्या दोन तासांच्या फेरीसाठी तेवढा साठा पुरतो. पाण्याची बाटली आणि खिशात एखादे केळे असले की झाले. तेव्हा या फेरीत पाय हे इंधन नाही, ते आमिष आहे, आणि आमिष पुढे टांगायचे असते, मध्ये नाही.

तरीही तो अगदी शेवटी ठेवू नये. फेरी संपल्यावर माणसांना घरची कामे आठवतात, निम्मे लोक सायकली गाडीत चढवू लागतात आणि पाय उभ्याउभ्या उरकला जातो. माझ्या मते तीन चतुर्थांश वाट सरल्यावर, चढ संपून सपाट रस्ता लागेल अशा ठिकाणी थांबावे. शक्यतो तिथून पुढे वारा पाठीवर येईल असे पाहावे. मार्ग आधी आखून त्यात पाय कोंबण्यापेक्षा पायची जागा आधी ठरवून तिच्याभोवती मार्ग आखावा.

दुसरी गोष्ट जरा मनाला लागलेली आहे. दोन वर्षांपूर्वीच्या एका फेरीत मी सर्वांत मागे होतो, कारण वाटेत चेन उतरली आणि ती चढवताना हात काळे करून घेण्यात वीस मिनिटे गेली. पोचलो तेव्हा बाकावर रिकामा डबा होता, त्याच्या कडेला चिकटलेला करपट रस होता आणि एक काटा होता. सगळ्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली. हळहळ खाता येत नाही. असा पंक्तिप्रपंच पुन्हा होऊ नये म्हणून शेवटचा सायकलस्वार पोचल्याशिवाय पाय कापू नये, हा नियम लेखी असावा. त्याचा आणखी एक फायदा होईल. पुढे पळून जाणाऱ्यांना पळून काही मिळणार नाही, हे कळले की ते आपोआप गटाबरोबर राहतील.

लोभ असावा.

ता. क. १ : तारीख १४ मार्च, म्हणजे ३/१४ आहे आणि वर्तुळाच्या परीघ-व्यासाचे गुणोत्तर, म्हणजे गणितातला पाय (π), सुमारे ३.१४ आहे, तर अंतर ४० ऐवजी ३१.४ किलोमीटर का नसावे? १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या संग्रहालयात लॅरी शॉ या भौतिकशास्त्रज्ञाने हा पाय-दिन सुरू केला, तेव्हा मंडळींनी एका वर्तुळाकार जागेभोवती फेरी काढली आणि फळांचे पाय खाल्ले. निमित्ताने प्रत्येकाने आपल्या सायकलचा मीटरही तपासून घ्यावा. माझ्या चाकाच्या रिमचे माप ६२२ मिलिमीटर, टायर २८ चा, म्हणजे व्यास ६७८. आर्यभटाने २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला आहे, त्या हिशेबाने चाकाचा एक फेरा सुमारे २.१३ मीटरचा आणि पूर्ण वाटेचे फेरे १४,७०० च्या थोडे वर. आर्यभटाने आपल्या गुणोत्तराला प्रामाणिकपणे "आसन्न", म्हणजे जवळपासचे, म्हटले होते. आपले मीटर तेवढाही प्रामाणिकपणा दाखवत नाहीत.

ता. क. २ : खाण्याच्या पायचे सामान्यरूप करू नये, शरीराच्या पायाचे करावे. "पायचा तुकडा" आणि "पायाचा तुकडा" यांतला फरक पाळला की काळजीचे फोन येणार नाहीत.

———

प्रेषक: एक सभासद, पाककला गट
प्रति: सर्व सभासद

काका, नमस्कार. आपली जागा आणि आपला नियम, दोन्ही मला मान्य आहेत. पण आपण सर्वजण पाय कुठे खायचा यावर बोलत आहोत आणि तो तिथवर कसा पोचायचा हे कोणीच विचारत नाही. तो मी करणार आहे, त्यामुळे हा प्रश्न माझा आहे.

एखाद्याच्या मोटारीतून पाय पुढे पाठवावा, अशी सूचना मला खासगीत आली. ती मी नम्रपणे नाकारते. सायकलच्या फेरीतला पाय सायकलवरूनच आला पाहिजे. यात थोडा हट्ट आहे, हे मान्य आहे; परंतु मागच्या खेपेला झालेली फजिती माझी स्वतःची होती आणि तिची भरपाई मला करायची आहे.

झाले असे की त्या दिवशी मी पहाटे उठून सफरचंदाचा पाय भाजला आणि निघायची वेळ झाली म्हणून गरमागरम असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात बंद केला. त्यात दोन चुका झाल्या. फळाच्या सारणात घातलेले कॉर्नफ्लोअर उकळीला येऊन शिजते खरे, पण सारण धरते ते निवल्यावर, आणि पूर्ण निवायला तीन-चार तास सहज लागतात. दुसरे म्हणजे, गरम पायची वाफ झाकणाला लागून परत पारीवर ठिबकते. पहिल्याच गतिरोधकावर डबा एका अंगाला कलला, सारण त्या बाजूला गोळा झाले आणि रस कॅरिअरवरून मागच्या मडगार्डवर ओघळू लागला. मुक्कामी झाकण उघडले तेव्हा वरची पारी ओल्या पुठ्ठ्यासारखी दिसत होती. सर्वांनी ती चमच्याने खाल्ली आणि वाखाणली, याबद्दल मी ऋणी आहे, पण तो पाय नव्हता.

आता माझी पद्धत अशी राहील. पाय आदल्या संध्याकाळी भाजायचा आणि सारण कडेलाच नव्हे, तर मधोमध बुडबुडे येईपर्यंत भट्टीतून काढायचा नाही. रात्रभर तो जाळीवर ठेवायचा, वर नुसते पातळ कापड. वरची पारी सलग न घालता पट्ट्यांची विणलेली घालायची, म्हणजे वाफेला वाट मिळते. पारी खुसखुशीत राहण्यासाठी लोणी थंड आणि वाटाण्याएवढ्या तुकड्यांतच ठेवायचे, पिठात पुरते मुरवायचे नाही. लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असते. भट्टीत त्याची वाफ होते आणि पिठाचे थर एकमेकांपासून सुटतात. हात गरम असणाऱ्यांनी या कामात मदत करू नये, ही विनंती मी घरातही करते.

सायकलवर डबा आडवाच राहिला पाहिजे, म्हणून पाठीवरची पिशवी बाद. कॅरिअरवर चार घड्यांचा टॉवेल, त्यावर उथळ डबा आणि रबरी पट्टे डब्याच्या कडांवरून, झाकणाच्या मध्यावरून नव्हे. मागच्या चाकातली हवाही मी किंचित कमी ठेवणार आहे. वेग थोडा कमी होईल, पण शेवटच्या सायकलस्वारासाठी थांबायचेच असल्यामुळे त्याने काही बिघडत नाही. पूर्वी युरोपात पायची पारी इतकी जाड आणि कडक करीत की ती सारणाचे भांडे म्हणूनच वापरली जाई. प्रवासाला ती सोयीची असणार, पण आपल्या दातांचा विचार करून मी तो मार्ग धरलेला नाही.

अंडी-दुधाचे कस्टर्ड भरलेले पाय आणि मांसाचे पाय कृपया कोणी आणू नयेत. असे पदार्थ थंडाव्याबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत आणि हवा ३२ अंशांच्या वर गेली तर एका तासापेक्षा जास्त नाही. कॅरिअरवरच्या उन्हात ही मर्यादा गप्पांच्या ओघात केव्हा ओलांडली जाते, ते कळतही नाही. ज्यांना स्वतःचे काही आणायचेच असेल, त्यांनी फळाचे सारण घालून कडेला नीट मुरड घातलेले मुठीएवढे पाय आणावेत. त्यांना सुरीही लागत नाही आणि ताटलीही नाही.

———

प्रेषक: खजिनदार
प्रति: सर्व सभासद

सभासदहो, नमस्कार.

या व्यवहाराचा ताळेबंद कोणी मांडलेला दिसत नाही, म्हणून मी मांडतो. सुमारे ७० किलो वजनाचा माणूस ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगाने सायकल चालवतो, तेव्हा तासाला ४७५ किलोकॅलरीच्या आसपास खर्च करतो. त्यांतल्या साधारण ७० त्याने घरी खुर्चीत बसूनही खर्च केल्या असत्या, त्यामुळे सायकलच्या खात्यावर खऱ्या अर्थाने जमा होतात त्या चारशेच. २३ सेंटिमीटर व्यासाच्या सफरचंदाच्या पायचे आठ तुकडे केले तर एका तुकड्यात ३०० ते ४०० किलोकॅलरी असतात आणि वहिनींचा हात लोण्याला सढळ आहे, हे मी अनुभवाने जाणतो. ३१.४ किलोमीटरला चालवण्याचा वेळ पावणेदोन तासांहून थोडा अधिक लागेल. म्हणजे पहिल्या तुकड्याची तरतूद पूर्ण आहे आणि दुसऱ्या तुकड्याची जेमतेम. आइस्क्रीमसाठी अंदाजपत्रकात जागा नाही. ते आल्यास मी त्याची नोंद करणार नाही.

आपला,
खजिनदार

———

प्रेषक: समन्वयक, सायकल गट
प्रति: सर्व सभासद

सर्वांचे आभार. चर्चेनुसार पुढीलप्रमाणे निश्चित केले आहे.

अंतर ३१.४ किलोमीटर राहील. मुक्काम चोविसाव्या किलोमीटरला, चढ उतरल्यावर लागणाऱ्या झाडीतल्या बाकांपाशी करू; तिथून पुढचे सात किलोमीटर सपाट आहेत. काकांच्या सूचनेप्रमाणे मी मार्ग उलट्या दिशेने फिरवला आहे, म्हणजे चढ खाण्याआधी येतो. पिछाडी सांभाळायला स्वतः काकाच तयार झाले आहेत. त्यांच्याकडे पंप, दोन जादा ट्यूब आणि चेन जोडण्याचे हत्यार असेल. त्यांच्या पुढे कोणीही जावे, त्यांच्या मागे कोणी राहू नये.

वहिनी दोन पाय आणतील, एक सफरचंदाचा आणि एक चेरीचा. दुसरा डबा माझ्या कॅरिअरवर बांधला जाईल. रिकाम्या डब्यात एक किलो तांदूळ भरून मी काल तो रस्ता चाचणीसाठी एकदा फिरले. डबा जागचा हलला नाही, पण टॉवेल चारऐवजी सहा घड्यांचा लागेल असे दिसते. एकोणिसाव्या किलोमीटरला खडबडीत पट्टा आहे. तिथे डबा वाहणाऱ्यांनी उतरून सायकल हाताने न्यावी आणि बाकीच्यांनी त्यांना घाई करू नये.

आतापर्यंत चौदा नावे आली आहेत, म्हणजे दोन पायच्या सोळा तुकड्यांतले दोन उरतात. त्यांवर पहिला हक्क ज्याचे टायर वाटेत पंक्चर होईल त्याचा राहील. मुद्दाम हवा काढल्याचे आढळल्यास हक्क रद्द होईल. सुरी माझ्या हँडलच्या पिशवीत असेल आणि काकांच्या सायकलचा स्टँड लागल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत मी पिशवीची चेन उघडणार नाही.

कळावे,
समन्वयक