मदत हवी आहे: केप बफेलोसाठी ब्रॉडहेड (बाणाचं धारदार पात्यांचं टोक) कोणतं घ्यावं?

कांदिवलीकर:
पुढच्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत केप बफेलोची परवान्यावरची शिकार ठरतेय, धनुष्याने. कंपाउंड (चाकांचं धनुष्य) ७० पाउंडांचं, ड्रॉ (दोरीची ओढ) २८ इंच. सध्याचा बाण ४०० ग्रेनचा, क्रोनोग्राफवर सेकंदाला २८० फूट. दुकानदार १०० ग्रेनचं, आपटल्यावर पाती उघडणारं मेकॅनिकल हेड सुचवतोय. म्हणे दोन इंचांची जखम होते. घ्यावं का? इथल्या रेंजवर ब्रॉडहेड मारू देत नाहीत, मग सराव कसा करायचा?
(भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे हे माहीत आहे. नॅशनल पार्कवरचे विनोदही ऐकून झालेत.)

प्रत्यंचा:
मेकॅनिकल अजिबात नको. हरणाला ठीक आहे, पण बफेलो म्हणजे सहाशे-सातशे किलोंचा ऐवज, वर अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर. पाती उघडण्यातच बाणाचा बराच जोर जातो आणि बिजागरी हाडावर वाकते. शिवाय छातीच्या पुढच्या भागात याच्या फासळ्या पट्टीसारख्या रुंद असतात, जवळजवळ एकमेकींवर चढलेल्या. बाण फटीतून जाईल अशी आशा ठेवायचीच नाही. दोन इंचांचं पातं दोन फासळ्यांत अडकून बसेल आणि फुप्फुस तसंच राहील.

घ्यायचं ते असं: दोन पात्यांचं, फिक्स्ड, अखंड पोलादाचं, सिंगल बेव्हल. लांबी रुंदीच्या तिप्पट, म्हणजे रुंदी सव्वा इंचाच्या आत आणि लांबी सव्वातीन-साडेतीन इंच. उतार जितका लांब तितकं कमी जोरात आत शिरतं, पाचरीचाच हिशेब. टोक सुईसारखं नको, ते हाडावर मुडपतं. टँटो घाटाचं (टोकाशी तिरकं छाटलेलं, जाड) बघा. सिंगल बेव्हलला धार एकाच बाजूने, साधारण २५ अंशांची असते. त्यामुळे पातं आत जाताना पीळ घेतं आणि हाडाला नुसतं भोक न पाडता ते तडकवतं. ॲल्युमिनियमच्या फेरूलचं (पाती धरणाऱ्या मधल्या नळीचं) काहीही फुकट मिळालं तरी घेऊ नका.

शाफ्टवाला:
हेडच्या आधी बाणाच्या वजनाचं बोला. ४०० ग्रेन म्हणजे २६ ग्रॅम. बाणांच्या भेदनावर अभ्यास करणाऱ्या डॉ. एड ॲशबी यांच्या चाचण्यांत जड हाड भेदण्याचं प्रमाण साधारण ६५० ग्रेननंतर एकदम वाढलेलं दिसतं. बफेलोसाठी मी ८५० धरेन.

ऊर्जा फूट-पाउंडांत काढायची तर ग्रेन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०. संवेगाला ग्रेन गुणिले वेग, भागिले २,२५,४००. तुमचा आत्ताचा बाण: ऊर्जा ७०, संवेग ०.५०. त्याच धनुष्यावर ८५० ग्रेनचा बाण १९५ च्या आसपास उडेल: ऊर्जा ७२, संवेग ०.७४. ऊर्जा जवळपास तीच, संवेग दीडपट. हाडातून पुढे रेटायला हा संवेगच लागतो. जाहिरातीत मात्र फक्त वेग छापतात.

बेरीज: हेड ३००, पोलादी इन्सर्ट (हेड आत बसवायचा तुकडा) आणि कॉलर (बाहेरचं कडं) मिळून १५०, ३० इंची शाफ्ट (बाणाची दांडी) इंचाला १२ ग्रेनने ३६०, नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) आणि पिसं ४०. एकूण ८५०. असा बाण नॉकच्या खाचेपासून साडेबावीस इंचांवर तोलला जाईल. मधला बिंदू १५ वर, फरक साडेसात. भागिले ३० म्हणजे एफओसी (तोल मध्यापासून किती पुढे आहे ते) २५ टक्के. उत्तम.

कांदिवलीकर:
आत्ताचे शाफ्ट ३४० स्पाइनचे (कडकपणाचा आकडा) आहेत. त्यावरच ३०० ग्रेनचं हेड चढवलं तर?

शाफ्टवाला:
शेपटी हलवत जाईल. २८ इंचांच्या अंतरावर टेकवलेल्या शाफ्टच्या मधोमध १.९४ पाउंड टांगले की तो जितका वाकतो, त्या इंचांचे हजारांश म्हणजे स्पाइन. ३४० म्हणजे ०.३४० इंच. पुढे वजन वाढलं की सुटताना शाफ्ट आणखी वाकतो, म्हणून कडक हवा: २५० पासून बघा, गरज पडल्यास २००. बेअर शाफ्ट (बिनपिसांचा बाण) मारून खात्री करा. शाफ्टचं तोंड काटकोनात घासा, आतून आयसोप्रोपिलने पुसा, इन्सर्ट इपॉक्सीने बसवा आणि २४ तास हात लावू नका. मग स्पिनरवर (बाण फिरवून पाहायच्या स्टँडवर) फिरवा. टोक जरा जरी थरथरलं तरी तो बाण बाद. इन्सर्ट तिरका बसलाय.

बोरीबंदर:
कुणी बोलत नाही म्हणून सांगतो: ७० पाउंड कमी पडतात. ८० वर तोच बाण २०८ ने गेला तर ऊर्जा ८२, संवेग ०.७८. तिथल्या प्रांताचे किमान ऊर्जेचे आणि बाणाच्या वजनाचे नियम आउटफिटरकडून (शिकारीची व्यवस्था करणाऱ्याकडून) लेखी मागवा, मगच पैसे भरा. देशागणिक नियम बदलतात. नामिबियात तर बफेलोला धनुष्याची परवानगीच नाही. ८० वर एकदम उडी मारू नका, खांदा जाईल. दर दोन-तीन आठवड्यांनी दोन पाउंड वाढवा. जूनपर्यंत जमलं नाही तर या खेपेला कुडू (मोठं आफ्रिकी हरीण) करा.

अंतर २५ मीटरच्या आत. जनावर समोर तोंड करून असेल तर बाण सोडायचाच नाही. किंचित पलीकडे वळलेलं, पुढचा पाय पुढे टाकलेला, नेम छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. हृदय खूप खाली असतं. शेजारी रायफलवाला पीएच (प्रोफेशनल हंटर, तिथला शिकारी मार्गदर्शक) असणारच, तो काय म्हणेल ते अंतिम.

प्रत्यंचा:
सराव: रेंजवर ३०० ग्रेनचे फील्ड पॉइंट (सरावाची बिनपात्याची टोकं) लावा. शेवटचा महिना मात्र खऱ्या हेडवर हवा. त्यासाठी कर्जत-मुरबाडकडे एखाद्याची खासगी, मागे मातीचा बांध असलेली जागा आणि फोमचा वेगळा ठोकळा लागेल. दोन्ही टोकं एकाच जागी लागत नसतील तर साइट फिरवू नका, आधी रेस्ट (बाण टेकायचा आधार) सरकवून ट्यून करा.

धार पाहायला रबरबँड हलका ताणून पात्यावर नुसता टेकवा. दाबावं लागलं तर पुन्हा दगडावर. आणि आपल्या पावसाळ्यात कार्बन स्टील दोन दिवसांत तांबूस पडतं. धार लावली की व्हॅसलीनचं बोट फिरवून डबीत. प्रवासात हेड बाणावरून काढून चेक-इन सामानात.

कांदिवलीकर:
आभार. आत्ताच्या बाणाच्या पिसांचा फोटो टाकलाय, नवीन शाफ्टवर अशीच बसवणार आहे.

शाफ्टवाला:
फोटोत पिसं डाव्या हेलिकलची (डावीकडे पीळ दिलेली) दिसताहेत. हेडही डाव्या बेव्हलचंच मागवा. दुकानात बहुतेक उजवंच पुढे करतात, आणि ते लावलं तर पिसं बाणाला एकीकडे फिरवतील, पातं आत शिरताना उलटीकडे. सगळा पीळ तिथेच मरेल.