एकत्र वाचलेली पुस्तकं, झालेले वाद आणि आपली श्रद्धा: अनुभव लिहा

वाडीवरची
घराला रंग काढलाय. माळा उपसताना आजोबांचं ख्रिस्तपुराण निघालं, बंडेलूंनी संपादित केलेली 1956 ची देवनागरी प्रत. समासात पेन्सिलीच्या खुणाच खुणा. उपवासकाळात रोझरी (जपमाळेची प्रार्थना) झाली की आजोबा ओसरीवर पाच-सहा ओव्या म्हणायचे आणि मग शेजारचे काका हटकून फाटे फोडायचे. "देवाला ठाऊक होतं आदाम फळ खाणार, तर झाड लावलंच कशाला?" आजी आतून ओरडायची, पोरांसमोर असलं बोलू नका. आजोबा हसून म्हणायचे, बोलू दे त्याला, पुस्तकातही हेच चाललंय.

खरंच चाललंय! हे मराठी ओव्यांतलं पुराण लिहिणारे फादर स्टीफन्स इंग्लंडचे जेजुइट धर्मगुरू, 1579 ला गोव्यात आले, पुस्तक 1616 ला गोव्यातल्या रायतूरला छापलं. त्यात सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आता आम्ही वाचायचं काय? म्हणजे अख्खं पुराण एका तक्रारीवर उभं आहे. पुढेही शिष्य विचारतात आणि गुरू उत्तर देतो.

माझी श्रद्धा धर्मशिक्षणाच्या वर्गापेक्षा त्या ओसरीवर जास्त घडली असं आता वाटतं. तुमचं कोणतं पुस्तक? कोणाबरोबर वाचलंत?

टवाळ_टोणगा
'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' दर मराठी दिनाला शाळेत फळ्यावर लिहायचो. हे ख्रिस्ताच्या पुराणातलं आहे हे कॉलेजात कळलं. बाईंनी सांगितलंच नव्हतं, बहुधा बाईंनाही माहीत नसावं :)

नगरी_मिरची
आमच्या महिला मंडळात लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचलं. नगरच्या माणसाला लक्ष्मीबाई घरच्याच, त्यामुळे अर्धा वेळ "हे म्हणजे अमक्या गल्लीत का गं" यातच गेला. पण त्यांचे यजमान ना. वा. टिळकांनी 1895 त मुंबईला बाप्तिस्मा घेतला तो भाग आला आणि बायका पेटल्याच. बायकोला न विचारता? एक आजी म्हणाल्या देवाचं बोलावणं आलं की विचारत बसत नाहीत. दुसऱ्या फाडकन म्हणाल्या, मग तिचं रडणं देवाला ऐकू येत नव्हतं का!

लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी घेतला, तोही स्वतःच्या हिशोबाने, आधी मनातली जात सुटली आणि मग. वाचून झाल्यावर पाळकबाईंनी एकच विचारलं, तुमच्यातलं स्वतः ठरवून विश्वासात कोण आलंय? आम्ही सगळ्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या. कोणी बोलेना. मी अजून त्या प्रश्नाशी झटतेय. कुकर झाला, येते परत.

मस्कतची_नाइट_ड्यूटी
संत ऑगस्टीनचं आत्मकथन कन्फेशन्स, मोबाईलवर, वॉर्ड शांत असेल तेव्हा. भाऊ वसईला तेच वाचतो, सुट्टीला फोनवर भांडतो. ऑगस्टीन आणि त्याच्याबरोबरची पोरं रात्री शेजारच्या नाशपात्या चोरतात, भूक नसते, बऱ्याचशा डुकरांना टाकतात, आणि हा बिशप झाल्यावर त्यावर पानंच्या पानं लिहितो की मी हे केलं का? भाऊ म्हणतो अति करतोय. मला नाही वाटत. कारण नसताना वाईट वागलेलं जास्त टोचतं, पेशंटच्या नातेवाइकावर उगाच खेकसलेलं सुद्धा.

टवाळ_टोणगा
आमच्या वाडीत कैऱ्या चोरणाऱ्या सगळ्यांनी लिहायला घेतलं तर कागद पुरायचा नाही.

वाडीवरची
@टोणगा तू कैऱ्या चोरायचास ना? सुरुवात कर मग.

शांतपणे
पहिल्यांदाच लिहितेय. मिस्टर गेले त्या वर्षी बायबल उघडवत नव्हतं. येणारा प्रत्येक जण "देवाची इच्छा" म्हणून चहा पिऊन जायचा. आमच्या छोट्या गटाने तेव्हा बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचायला घेतलं, मला न विचारता, आणि मी रागानेच जाऊन बसले. ईयोबाचे मित्र येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. तिथवर किती चांगले! मग तोंड उघडतात आणि पुढचे कितीतरी अध्याय त्यालाच समजावत राहतात की तुझंच काही चुकलं असणार. आणि शेवटी, 42 व्या अध्यायात, देव त्या मित्रांवर रागावतो. ईयोब वाटेल ते बोलला, देवाला जाब विचारला, तरी देव म्हणतो खरं तोच बोलला.

मी गटात मोठ्याने म्हणाले, मग मीही विचारणार. कोणी अडवलं नाही. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी प्रार्थना केली. प्रार्थना कसली, भांडणच.

नगरी_मिरची
ताई 🙏 काही बोलत नाही, नुसती बसते तुमच्याजवळ.

मस्कतची_नाइट_ड्यूटी
शांतपणे ताई, सी. एस. लुईसचं 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ड' झेपेल तेव्हा बघा. बायको गेल्यावर लिहिलेलं, 1961 ला टोपणनावाने छापलं. सुरुवातीला देवावर चांगलाच चिडलेला आहे. छोटंसंच आहे.

एक_वाचक
मी ख्रिस्ती नाही, चालेल ना? फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल भाषेसाठी घेतलं होतं. उधळ्या मुलाची गोष्ट शाळेपासून माहीत होती, पण थोरला भाऊ रुसून घराबाहेर उभा राहतो हे लक्षातच नव्हतं आलं. मी घरातला थोरला. बाबांना वाचून दाखवलं, ते काहीच बोलले नाहीत, पेपर घेऊन बसले.

वाडीवरची
चालेल काय, या ना! थोरल्यांची बाजू घेणारं कोणीतरी हवंच होतं.

केडगाव_लोकल
पंडिता रमाबाईंबद्दल कोणीच लिहिलं नाही?? हिब्रू आणि ग्रीक शिकून बाईने एकटीने अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच छपाईचे टाइप जुळवले. 1922 ला त्या गेल्या. सविस्तर नंतर, गाडीत आहे, रेंज नाही.

गप्पच_बरा
नशीबवान आहात सगळे. आमच्याकडे तरुणांचा वाचनगट काढला होता. दुसऱ्याच बैठकीत एका मुलीने विचारलं, नरक प्रेमळ देवाला शोभतो का? वरून निरोप आला, आधी विश्वास पक्का करा, पुस्तकं नंतर. गट बंद. ती मुलगी आता आयत्वारी (रविवारी) चर्चलासुद्धा येत नाही.

नगरी_मिरची
म्हणजे प्रश्न गेला नाही, मुलगी गेली. राग आला वाचून.

टवाळ_टोणगा
धागा भारी. बाटली मसाल्याच्या (आपल्या घरगुती मसाल्याच्या) धाग्यापेक्षा शांतताही जास्त आहे इथे.

वाडीवरची
तो धागा मीच काढला होता रे 😄 अजून ठरलेलं नाही मिरच्या किती ते.

शांतपणे
@गप्पच_बरा, आमचा गट आता फोनवर भरतो, गुरुवारी रात्री साडेनऊला. ईयोब संपलं, आता बायबलमधलंच उपदेशक घेतोय. त्या मुलीला विचारा येते का. नरकावरही बोलू, आमच्यातल्या दोघांचं त्यावरून आधीच वाजलंय.

गप्पच_बरा
विचारतो. मी स्वतः येऊ का? फक्त साडेनऊला आमची जेवणं चालू असतात.

शांतपणे
या की. माइक बंद ठेवून जेवा, अर्धे तेच करतात.