निधी आलाय, पण ठरवायचं कसं?

प्रश्न
आमच्या वस्तीला सुधारणेसाठी निधी मिळालाय आणि तो कशावर खर्च करायचा हे रहिवाशांनीच ठरवायचंय. पहिल्या बैठकीला 22 जण होतो. दिवे, बाकं, कॅमेरे, गतिरोधक, सगळं निघालं, पण बराचसा वेळ खाल्ला बागेतल्या कारंज्याने. (त्यावर पाटी कुणाच्या नावाची, हेही आत्ताच.)

मी बाबांना चाकाच्या खुर्चीवरून फिरवते. घर ते बाग एवढ्या वाटेत पदपथ 7 ठिकाणी संपतो. दरवेळी खुर्ची मागे कलती करून खाली घ्यायची, पलीकडे परत चढवायची. मला तिथे उतार हवेत. हात वर करायला सांगितले तेव्हा माझ्यासकट 3 हात. पुढच्या बैठकीत मतदान, माणशी एक मत. काही करता येईल का?

प्रतिसाद 1
आधी ते ‘एक मत’ बदलून घ्या. दिव्यांचे तीन वेगवेगळे प्रस्ताव असले की दिवेवाल्यांची मतं तिघांत फुटतात आणि कारंजं आरामात निवडून येतं. त्यापेक्षा प्रत्येकाला कागदावर पूर्ण रक्कम द्या आणि तेवढ्यात बसतील ती कामं निवडायला सांगा. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेत 1989 पासून नागरिक शहराच्या खर्चाचा प्राधान्यक्रम ठरवू लागले, तेव्हाही नुसती डोकी मोजली नव्हती. कुठल्या भागात सोयी किती कमी आहेत, हेही वाटपात धरलं जायचं.

प्रतिसाद 2
मी एकेकाळचा कारंजेवाला. आमच्याकडे झालं, पहिला उन्हाळा मजेत गेला, मग पंप जळला. पैसे बांधायला होते, चालवायला नव्हते. आता त्यात पाला आणि पोरांचे चेंडू. प्रत्येक प्रस्तावापुढे ‘वीजबिल आणि दुरुस्ती कोण करणार’ असा रकाना ठेवा. निम्मी यादी तिथेच गळेल.

प्रतिसाद 3
उतार मागताय तर माप लिहूनच मागा, नाहीतर घसरगुंडी करून देतील. 1:12 म्हणजे 15 सेंमी उंचीला 1.8 मीटर लांबी. पदपथ अरुंद असेल तर तेवढा पदपथच खाली आणायचा. आणि उताराच्या तोंडाशी उंच ठिपक्यांच्या फरश्या हव्यातच. कड सपाट केली की काठी टेकत येणाऱ्या अंध माणसाला रस्ता सुरू झाल्याचं कळत नाही. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये काढलेली ही फरशी 1967 मध्ये ओकायामात पहिल्यांदा रस्त्यावर बसवली गेली. खर्च किरकोळ वाढतो, पण नंतर बसवायची म्हटलं की फोडाफोडी आली.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. रकान्याची सूचना समितीने लगेच मान्य केली, मतदानाच्या पद्धतीवर अजून वाद चाललाय. काल कारंज्याच्या बाजूच्या एका काकांना म्हटलं, आज बाबांना तुम्ही न्या. तिसऱ्या उतरणीला ते थांबले, घाम पुसला आणि म्हणाले, माझं मत उताराला.

घोळ आता बाबांचाच आहे. त्यांना कारंजं हवंय. म्हणतात, बागेत बघायला काही नसेल तर उतार काय चाटायचेत?