मदत हवी आहे : रिटायर झाल्यावर घराच्या इन्शुरन्समधला मोबाइल, पत्ता कसा बदलायचा?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

मी ३० जूनला रिटायर झाले. नंदेसरीकडे एका केमिकल फॅक्टरीत अकाउंट्सला होते. घर बडोद्यातच, समा भागात, सोसायटीत तळमजल्यावर. २०१५ ला लोन काढून घेतलं आणि तेव्हाच बँकेने लोनबरोबर घराची पॉलिसी काढून दिली, १५ वर्षांची, प्रीमियम एकरकमी लोनमध्येच धरलेला. फॉर्म लोन डिपार्टमेंटच्या मुलाने भरला, मी दाखवेल तिथे सह्या केल्या. आता बघते तर मोबाइल नंबर फॅक्टरीने दिलेला, ईमेल फॅक्टरीचा, पत्रव्यवहाराचा पत्ता फॅक्टरीच्या क्वार्टरचा कारण तेव्हा आम्ही तिथे राहायचो. नावात माझं नुसतं आद्याक्षर आणि आडनाव, आधारवर पूर्ण नाव. आणि घर आम्हा दोघांच्या नावावर असताना पॉलिसी फक्त माझ्या एकटीच्या नावावर!

सिमकार्ड शेवटच्या दिवशी जमा केलं. ते आता माझ्या जागी आलेल्या मुलाकडे आहे. विमा कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला की म्हणतात नंबर बदलायचा तर रजिस्टर्ड नंबरवर ओटीपी पाठवलाय तो सांगा. अहो तोच नंबर तर बदलायचाय! दोनदा त्या बिचाऱ्या मुलाने फोन करून सांगितला, मॅडम ओटीपी आलाय म्हणून, पण त्याचा फोन येईपर्यंत वेळ संपून जायची, आणि असा ओटीपी दुसऱ्याच्या तोंडून घेणं मला बरंही वाटत नाही. त्यांच्या शाखेत गेले तर म्हणाले ऑनलाइन करा.

तुम्ही म्हणाल एवढी घाई काय. ऑगस्ट २०२४ चं पाणी ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ च्या वर गेली होती आणि आमच्या हॉलमध्ये प्लगच्या उंचीपर्यंत दोन दिवस पाणी होतं. सासूबाईंच्या सागवानी दिवाणाचे पाय फुगून फाटले, ते अजून तसेच आहेत, रंगाखालून भिंतीवरची रेघही दिसते. तेव्हा क्लेम केला होता. नुकसान बघायला सर्व्हेअर कधी येणार, कुठले फोटो हवेत, कुठली बिलं हवीत, सगळं त्याच ऑफिसच्या मोबाइलवर यायचं. एक मेसेज चुकला असता तरी फाइल अडकली असती. आता तसं पाणी पुन्हा आलं तर सगळे निरोप त्या मुलाच्या खिशात जातील, म्हणून मला झोप लागत नाहीये.

दुसरी गोष्ट. ग्रॅच्युइटी आली त्यातून लोन फेडलं, बँकेचं एनओसी, म्हणजे लोन फिटल्याचं ना हरकत पत्र, मिळालं. पण पॉलिसीवर बँकेचं नाव अजून तसंच छापलेलं आहे. म्हणजे क्लेमचा चेक बँकेच्या नावाने निघेल का?

आणि तिसरी, जी मला सगळ्यात जास्त खातेय. लेक पुण्याला आहे, तिला डिसेंबरात बाळ होणार आहे, तेव्हा आम्ही दोघं चार-पाच महिने तिकडेच राहणार, घराला कुलूप. पॉलिसीचा बाँड पुरात भिजला होता, पानं एकमेकांना चिकटलेली, परवा वाफेवर धरून एकेक सोडवली. तर चोरीच्या भागात चक्क लिहिलंय की घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं आणि कंपनीला आधी कळवलं नसेल तर भरपाई नाही. दहा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही. नोकरीत असताना आम्ही कधी आठवड्याच्या वर घर सोडलंच नाही म्हणून प्रश्न आला नाही. हे कळवायचं कसं, आणि कळवलं तर प्रीमियम वाढवून मागतील का?

कुणी असं करून घेतलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद

ताई, फोनवर नका भांडत बसू, त्या पोरांच्या हातात काही नसतं. साधा लेखी अर्ज करा, पॉलिसी नंबर घालून, सोबत आधार, पॅन, घराचा दस्त आणि बँकेचं एनओसी यांच्या झेरॉक्स. पॉलिसीत अशी दुरुस्ती नोंदवून देतात त्याला एन्डॉर्समेंट म्हणतात. नाव, पत्ता, मोबाइलच्या दुरुस्तीला प्रीमियम वाढायचं काही कारण नाही. ओटीपीचा नाद सोडून ओळखपत्र दाखवून नंबर बदला असं अर्जातच लिहा. शाखेत इनवर्डचा शिक्का मारून पोच घ्याच, घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. बँकेचं नाव काढायला मात्र एनओसी पाहिजेच, नाहीतर क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जातात आणि तिथून सोडवत बसावं लागतं.

प्रतिसाद

काकू, घर बंद राहणार हेसुद्धा लेखीच कळवा आणि त्याची एन्डॉर्समेंट हातात आल्यावरच पुण्याला जा. प्रीमियम वाढेल का ते कंपनीप्रमाणे बदलतं, पण कळवलं नाही तर क्लेमच्या वेळी हेच कारण काढतील. आणखी एक, पुढेमागे नवीन पॉलिसी घ्याल तर १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी आली आहे. त्यात पूर, भूकंप, आग आहे, घरातलं सामान इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत आपोआप धरतात, जास्तीत जास्त १० लाख. पण चोरी मूळ पॉलिसीत फक्त अशा आपत्तीनंतरच्या ७ दिवसांतली, एरवीच्या घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, दागिन्यांचंही वेगळं. आमच्याकडे इंदूरला सगळे समजत होते की चोरी आलीच त्यात.

अर्ज देऊन महिनाभर काहीच हललं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, मग आयआरडीएआयचं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचं, बिमा भरोसा हे तक्रारीचं पोर्टल आहे, आणि शेवटी विमा लोकपाल. गुजरातचं ऑफिस अहमदाबादला आहे, फी नाही, वकील लागत नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल अर्ज लिहिला, अगदी स्वच्छ अक्षरात, मोबाइल, ईमेल, पत्ता, नाव, बँकेचं नाव काढणं आणि घर बंद राहण्याचा काळ असं सगळं एकाच पानावर. सोमवारी शाखेत जाते, दोन प्रती घेऊन, एकीवर शिक्का मारून आणणार. फक्त एकच सांगा, पॉलिसीत यांचंही नाव घालायचं तर अर्जावर दोघांच्या सह्या लागतात का? यांचे गुडघे दुखतात, शाखा दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे, सही घरूनच करून नेली तर चालेल ना?