मदत हवी आहे: देशी आणि आक्रमक प्रजातींचे फोटो नेमके निवडायचे कसे?

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा प्लीज.

मुलांसाठी परिसंस्था आणि संवर्धन यावर छोटी पुस्तिका करतोय, मजकूर झालाय, गाडी अडलीये फोटोंवर. प्लॅन असा की हिरवी चौकट म्हणजे देशी आणि लाल म्हणजे आक्रमक (बाहेरून येऊन तिथल्या जिवांचं नुकसान करणारी), पोरांना बघताक्षणी कळलं पाहिजे. पंधरावीस फोटो जमवले आणि जीवशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला दाखवले तर तिने पहिल्याच पानावर बोट ठेवलं. लायनफिश माशाला लाल चौकट, खाली मी लिहिलेलं 'कॅरिबियनमधला घुसखोर', आणि फोटोत मागे क्लाउनफिश पोहतोय! तो अटलांटिकमध्ये नसतोच म्हणे, म्हणजे फोटो हिंदी नाहीतर प्रशांत महासागराकडचा, जिथे लायनफिश मूळचाच. वर हिरव्या चौकटीतली साळुंकी ऑस्ट्रेलियात लाल होते म्हणाली. तेव्हापासून सगळ्याच फोटोंवर संशय यायला लागलाय.

तर फोटो खात्रीचे कुठे मिळतील, आणि लायसन्सचं काय? पुस्तिका पुढे थोडी किंमत लावून द्यायचा विचार आहे.

गोगलगाय_पोटात_पाय:
मैत्रीण बरोबर आहे. आक्रमक असणं हा त्या जिवाच्या अंगावरचा ठिपका नाही हो, तो कुठे पोचलाय त्यावर ठरतं, त्यामुळे चौकट फोटोला देऊच नका, नकाशाला द्या. एक फोटो, खाली छोटा जगाचा नकाशा, मूळचा प्रदेश हिरवा आणि जिथे घुसलाय तो लाल. आपलं मुंगूस घ्या ना, 1872 मध्ये उसातले उंदीर मारायला जमैकात नेलं, आणि ते उंदरांबरोबर तिथले पक्षी नि सरडेही खात सुटलं. केन टोड या विषारी, बेडकासारख्या प्राण्याचंही तेच, 1935 मध्ये उसावरचे भुंगेरे खाईल म्हणून ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये सोडला, भुंगेरे राहिले बाजूला आणि त्याचं विष खाऊन तिथले शिकारी प्राणी मरायला लागले. आणि टोड दाखवणार असाल तर शेजारी तिथला देशी बेडूक त्याच अँगलने दाखवाच, टोडच्या खांद्यावरच्या फुगीर विषग्रंथी दिसल्या पाहिजेत, लोक टोड समजून बिचारे देशी बेडूक मारतात.

टाचणी:
आयनॅचरलिस्टवर जा, लोक निसर्गातल्या नोंदी आणि फोटो टाकतात ती साइट, तिथे प्रजाती, ठिकाण आणि लायसन्स तिन्ही फिल्टर लागतात, लायनफिश हवा तर ठिकाण कॅरिबियन टाकायचं की झालं. रिसर्च ग्रेड असलेलंच घ्या, म्हणजे एकापेक्षा जास्त जणांची ओळख जुळलेली असते. पण किंमत लावणार म्हणालात तिथे घोळ आहे, तिथलं डीफॉल्ट लायसन्स सीसी बाय-एनसी असतं (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, फोटो वापरू देणारी तयार लायसन्स), एनसी म्हणजे व्यावसायिक वापर नाही. तुम्हाला सीसी झिरो (काहीच अट नाही) किंवा सीसी बाय हवं, बायला फोटोग्राफरचं नाव द्यावं लागतं. एनडी (म्हणजे बदल करायला मनाई) असेल तर त्यावर बाण-बिण काढून छापू नका. विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या फोटोंचा साठा) प्रत्येक फाइलचं लायसन्स वेगळं, दरवेळी पान उघडून बघायचं. गूगलवर दिसला म्हणून उचलला असं मात्र नको.

धागाकर्ता:
अरे देवा, बाण तर मी सगळ्यांवर काढलेत :( लायसन्सची एक एक्सेल करायला घेतो, निम्मे बाद होणार असं दिसतंय. तोवर दोनचार चित्रं एआयकडून काढून घेतली तर?

पानगळ:
नका हो! मी जलपर्णी काढायला सांगितली होती, फूल झकास आलं पण देठाचा फुगा गायब, अहो त्या फुग्यावर तर ती तरंगते, ओळखायची खूणच गेली. ओळख शिकवायची तिथे खराच फोटो हवा. आणि जलपर्णीचा नुसता क्लोजअप टाकलात तर पोरं म्हणतील किती गोड जांभळं फूल, घरी लावू या. जोडीला पाणी पूर्ण झाकलं गेलेल्या तळ्याचा लांबून घेतलेला फोटो द्या, खाली ऊन पोचत नाही, ऑक्सिजन घटतो, हे तिथे समजतं.

अजून एक, देशी दुर्मिळ ऑर्किड किंवा घुबडाचं घरटं वगैरे असेल तर नेमकं ठिकाण छापू नका, चोरणारे लोकही वाचतात. डिजिटल कॉपी देणार असाल तर फोटोच्या फाइलमधली जीपीएसची (ठिकाणाची) नोंद काढून टाका.

धागाकर्ता:
जीपीएसचं डोक्यातही नव्हतं, थँक्यू. नकाशाची आयडिया घेतोय, चौकटी रद्द. झेब्रा शिंपल्यांनी पाइप बुजलाय असा एक जबरी फोटो मिळालाय, 1988 च्या सुमारास उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांमध्ये पोचले ते, पण त्यावर लायसन्सच लिहिलेलं नाहीये.

टाचणी:
लिहिलेलं नाही म्हणजे सगळे हक्क फोटोग्राफरकडे. कुठे आणि किती प्रतींत छापणार ते सांगून सरळ मेल टाका, बरेच जण हो म्हणतात. उत्तर नाही आलं तर तो सोडा, दुसरा शोधू.

धागाकर्ता:
मेल टाकलाय. उत्तर आलं की इथेच लिहितो.