दहशतवादी हल्ल्यांचे आकडे जुळत का नाहीत?

प्रश्न (श्रीवर्धन):
1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचे आरडीएक्स आमच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरले, म्हणून महाविद्यालयीन प्रकल्पासाठी हा विषय घेतला. पण प्रत्येक ठिकाणी हल्ल्यांची संख्या वेगळी दिसते. असे का?

उत्तर (रत्नागिरी):
व्याख्येमुळे. मेरीलँड विद्यापीठाच्या ग्लोबल टेररिझम डेटाबेसमध्ये कृत्य हेतुपुरस्सर, हिंसक वा हिंसेची धमकी देणारे आणि बिगरसरकारी व्यक्तींनी केलेले असावे लागते. शिवाय राजकीय, धार्मिक, सामाजिक वा आर्थिक उद्देश, प्रत्यक्ष बळींपलीकडच्या लोकांना धाक घालण्याचा हेतू आणि वैध युद्धाच्या चौकटीबाहेरची कृती, यांपैकी किमान दोन निकष पुरे व्हावे लागतात. शेवटचा निकष सक्तीचा धरला, की सैनिकांवरचे काही हल्ले यादीतून गळतात.

उत्तर (अलिबाग):
मोजणीचे एककही पाहावे. वेगवेगळ्या ठिकाणचे स्फोट या डेटाबेसमध्ये स्वतंत्र घटना ठरतात, तर 12 मार्च 1993 चे सारे स्फोट आपल्याकडे टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखालील एकाच खटल्यात आले. आणि नेमके तुम्हाला हवे तेच वर्ष (योगच म्हणायचा) त्या डेटाबेसच्या मुख्य संचात नाही, कारण मूळ नोंदी कार्यालय हलवताना हरवल्या.

प्रश्नकर्ता:
म्हणजे आलेखात 1993 शून्य दाखवणे चूक ठरेल?

उत्तर (अलिबाग):
अर्थातच. ती जागा रिकामी ठेवावी आणि कारण तळटीपेत द्यावे.