मदत हवी आहे: बंद केलेला कॉम्प्युटर रात्री आपोआप चालू होतो

पूर्वभागकर

नमस्कार. गेला दीड महिना घरचा डेस्कटॉप रात्री-अपरात्री आपोआप चालू होतोय. आम्ही सोलापुरात, पूर्व भागात राहतो. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आहे आणि आजी तिथेच झोपते. कॅबिनेटचा पंखा एकदम घोंघावायला लागतो, निळा दिवा लागतो, आजी दचकून उठते आणि मला हाका मारते. मी जाऊन बटण पाच-सहा सेकंद दाबून धरते, मग बंद होतो.

मशीन २०१३ मध्ये जोडून घेतलेलं आहे. इंटेलचा आय थ्री, एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, आठ जीबी रॅम, विंडोज १०. यूपीएसची बॅटरी गेल्यापासून प्लग सरळ भिंतीच्या बोर्डात आहे. वापरतात मुख्यतः नाना, माझे वडील. ते यंत्रमाग कारखान्यात डिझाइन काढायचे. चादरींचे नक्षे त्यांनी ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरून काढलेत, आणि आता ते सगळे स्कॅन करून याच मशीनमध्ये ठेवतायत. सव्वाचारशेच्या वर झालेत. कागद पिवळे पडून घड्यांवर फाटायला लागलेत, त्यामुळे मशीनला काही झालं तर काय, या विचारानं जीव थाऱ्यावर नाही.

शट डाउन मेनूतूनच करतो, स्लीपमध्ये ठेवत नाही. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर उघडायची सोय) बंद करून पाहिलं. रात्री कीबोर्ड-माउस काढून ठेवून पाहिलं. लॅनची केबल नाहीच, वाय-फाय आहे. एका दुकानात मशीन न बघताच "व्हायरस असेल, फॉरमॅट मारू" म्हणाले, मी नको म्हटलं. रोज होत नाही. तीन-चार रात्री काही नाही, मग एकाच रात्रीत दोनदा. भिंतीवरचं बटण बंद केलं तर होत नाही हे खरं, पण का होतंय ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. कुठून सुरुवात करू?

जुनाबोर्ड

ताई, फॉरमॅटला नाही म्हणालात ते उत्तम केलंत. आधी एक गोष्ट पक्की करू. झोपलेलं मशीन जागं होणं वेगळं आणि बंद मशीन चालू होणं वेगळं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. 'पॉवरसीएफजी' लिहून स्पेस, मग तिरकी रेघ आणि 'लास्टवेक'. मशीन शेवटचं कशानं जागं झालं ते दिसेल. तसंच 'वेकटायमर्स' लिहून बघा. नंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. तिथे ६००६ म्हणजे नीट बंद झालं, ६००५ म्हणजे चालू झालं. ४१ किंवा ६००८ दिसलं तर वीज तुटून किंवा इतर कारणानं मशीन नीट बंद न होता थांबलं असं समजा. काय दिसतंय ते इथे लिहा.

कॅबिनेटवाला

पुढचं बटण धुळीनं अडकत असेल. बटणाची दोन पिनांची वायर मदरबोर्डवरून एक रात्र काढून ठेवा.

पूर्वभागकर

दोघांचेही आभार. वायर काढून पाहिली, त्याही रात्री चालू झालाच, म्हणजे बटणाचा दोष नाही. (बंद करायला बटणच नव्हतं, भिंतीवरून बंद केला.)

लास्टवेकमध्ये संख्या शून्य, म्हणजे जागं झाल्याची नोंदच नाही. वेकटायमर्समध्ये काही नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये परवा रात्री १०.४० ला ६००६ आहे. त्यानंतर रात्रीत एकही नोंद नाही, आणि अडीच वाजता मी स्वतः उठून मशीन बंद केलंय! आणखी एक विचित्र प्रकार. सकाळी नानांनी चालू केलं ती नोंद मला सापडेचना. शेवटी यादीच्या तळाशी मिळाली, तारीख १ जानेवारी २०१२.

जुनाबोर्ड

ती तारीख फार महत्त्वाची आहे. आणि रात्रीची नोंद नाही याचा अर्थ मशीनला वीज मिळाली, पण ते विंडोजपर्यंत पोचलंच नाही. मधेच कुठेतरी थांबून राहिलं. पुढच्या वेळी बंद करायची घाई करू नका. आधी मॉनिटर चालू करा आणि काय लिहिलंय ते वाचा. त्या वेळी घरात, गल्लीत काय चाललंय तेही बघा.

पूर्वभागकर

काल रात्री बघितलं, सगळं लिहिते.

दोन वाजून दहा मिनिटं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं तेव्हा बऱ्याचदा रात्रीच. काल पाण्याची पाळी होती. पाणी आलं तशा गल्लीतल्या सगळ्या मोटारी धडाधड लागल्या. बल्ब आधी पिवळा पडला, मग क्षणभर गेला आणि आला. आला त्याच क्षणी कॅबिनेटचा पंखा सुरू! मी समोरच बसले होते. मॉनिटर लावला तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: सीमॉस चेकसम एरर, तारीख-वेळ सेट नाही, पुढे जाण्यासाठी एफ वन दाबा.

सकाळी नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "ते होय? ते आता नेहमीचंच की. एफ वन दाबलं की होतं." इतके दिवस ते एफ वन दाबून कामाला लागत होते आणि मला पत्ताच नव्हता. भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघितलं. आजी उठली त्या रात्रींपैकी मला आठवतात त्या सगळ्या पाण्याच्या आहेत.

जुनाबोर्ड

सापडलं. तुमच्या मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलाय.

मशीन बंद असलं तरी प्लगमध्ये वीज असेपर्यंत एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा कॅबिनेटमधला डबा) बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत असतो. घड्याळ आणि बायोसचं सेटिंग त्यावर टिकतं. (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, त्याचं सेटिंग सीमॉस नावाच्या मेमरीत असतं.) वीज गेली की हे काम सेलचं. सेल मेलेला असेल तर क्षणभराच्या झटक्यातही सगळं पुसलं जातं. जे पुसलं जातं त्यात 'वीज परत आल्यावर काय करायचं' हेही असतं. इंटेलच्या चिपसेटमध्ये ही नोंद सेलवर चालणाऱ्या भागातच असते, आणि ती पुसली की मूळ स्थिती 'वीज आली, चालू हो' अशी आहे. म्हणून मशीन उठतं, बायोसला सेटिंग सापडत नाही आणि ते एफ वनची वाट बघत थांबतं. बोर्डाची मूळ तारीख १ जानेवारी २०१२ असणार. नंतर इंटरनेटवरून विंडोज ती दुरुस्त करतं.

मध्यंतरी मशीन बरेच दिवस प्लग काढून ठेवलं होतं का? तसं असेल तर सेल तेव्हाच उतरला. रात्री भिंतीवरचं बटण बंद ठेवलंत तर आजींची झोप मोडणार नाही, पण एफ वन रोज सकाळी दाबावं लागेल.

सीआर २०३२ सेल आणा, ३ व्होल्टचा. आकडा आकाराचाच आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, मगच आत हात घाला. बाजूची क्लिप दाबली की सेल वर येतो. अधिक चिन्हाची बाजू वर. एसएमपीएसचा डबा अजिबात उघडू नका.

सेल बसवायच्या आधी बायोसमध्ये 'साटा मोड' (बोर्ड हार्ड डिस्कशी कसा बोलतो ते सेटिंग) काय आहे त्याचा फोटो काढा. सध्या ज्यावर विंडोज चालतंय तेच नंतरही ठेवायचं, तो बदलला तर विंडोज उघडताना निळा पडदा येतो. मग तारीख-वेळ घाला, आणि 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशा नावाचं सेटिंग 'पॉवर ऑफ' करून एफ टेननं सेव्ह करा.

घरात लहान मूल असेल तर जुना सेल लगेच उचलून ठेवा. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते, तेव्हा वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.

पूर्वभागकर

दादा, सेल बदलला. दुकानदारानं जुना मीटरवर लावून दाखवला, १.९ व्होल्ट. आणि होय, नाना दोन महिने पुण्याला भावाकडे होते तेव्हा मीच प्लग काढून ठेवला होता. ते परत आल्यापासूनच हे सुरू झालं. साटा मोड एएचसीआय होता, तसाच ठेवला.

काल पुन्हा पाणी होतं. मी मुद्दाम जागी राहिले. मोटारी लागल्या, लाइट दोनदा गेली-आली, कॅबिनेट गप्प. आजी कूस बदलून झोपली. सकाळी नाना एफ वनवर बोट ठेवूनच बसले होते, तेवढ्यात विंडोज उघडलं. मग त्यांनी खालच्या कोपऱ्यातली तारीख चष्मा लावून वाचली, भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघितली आणि पुढचा ग्राफ पेपर स्कॅनरवर पसरला.

सगळे नक्षे आजच एक्स्टर्नल डिस्कवर घेतेय, तीही वेगळ्या कपाटात ठेवणार. यूपीएसच्या बॅटरीचं माप घेऊन विचारायला येईन.